दुकानाच्या नावावर बोट ठेवलं आणि रमी उघडली: गुगलने माझी साइट बाजूला काढली तेव्हा



या विषयावरचा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिलाय. त्यात वेळेअभावी जे राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहिते. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे किंवा यंदा काढायचा विचार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. सकाळी दुकान उघडून शेंगा चटणीची पाकिटं मोजत होते, तेवढ्यात पुण्याच्या एका काकूंचा फोन आला. नेहमीचं गिऱ्हाईक. म्हणाल्या, "अगं, तुझं दुकान गुगलवर शोधलं, नावावर बोट ठेवलं, तर पत्त्यांचा खेळ उघडतोय. हे पण चालू केलंस की काय?"

मी हसले. फोन चालू असतानाच साइटचा पत्ता टाइप केला. साइट अगदी नीट उघडली. "काकू, तुमच्याच मोबाइलमध्ये काहीतरी झालं असेल," असं सांगून मोकळी झाले आणि परत पाकिटं मोजायला बसले.

मंडळी, ही माझी पहिली चूक. दोन दिवसांनी पुण्यातल्याच एका दुकानदाराचा फोन आला. दिवाळीसाठी ते कडक भाकरी आणि चटणीची मोठी ऑर्डर देणार होते. "ताई, तुमची साइट उघडली की पूर्ण लाल पान येतंय. ही साइट धोकादायक आहे, पुढे जाऊ नका असं लिहिलंय. काय भानगड आहे?" तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले.

मालकाला सगळ्यात शेवटी का कळतं?

पत्ता टाइप केला की साइट ठीक, गुगलवरून आलं की रमी. हे कसं? यातच खरी मेख आहे.

साइटमध्ये घुसणारे चोर हुशार असतात. ते गल्ला फोडत नाहीत, तुमच्या दुकानाची पाटी वापरतात. साइटमध्ये एक छोटा कोड टाकून ठेवतात. तो कोड येणारा माणूस कुठून आला ते तपासतो. थेट पत्ता टाइप करून आला तर बहुतेक मालक असेल, म्हणून त्याला खरी साइट दाखवायची. गुगलवरून आला तर गिऱ्हाईक, म्हणून त्याला जुगाराच्या नाहीतर औषधांच्या साइटवर ढकलायचं. आणि गुगलचा यंत्रमानव पानं वाचायला आला, तर त्याच्यापुढे हजारो खोटी पानं मांडायची, म्हणजे तुमच्या साइटच्या पुण्याईवर ती पानं वर येतील.

माझी साइट जेमतेम चाळीस पानांची. गुगलच्या खोक्यात इंग्रजीत 'साइट', पुढे कोलन आणि लागूनच माझा पत्ता असं लिहून शोधलं, तर माझ्या नावाखाली पानंच पानं. रमी, सट्टा आणि काही चक्क जपानी अक्षरांतली. मला वाटलं होतं की माढ्यातल्या चटणीच्या दुकानात कोण कशाला घुसेल? पण हे चोर दुकान बघून येत नाहीत. त्यांची यंत्रं रात्रंदिवस दारं ढकलून बघतात, जे उघडं सापडेल तिथे आत.

आपणच एकटे फसतो असंही नाही. मे २०२४ मध्ये गोव्यासह काही राज्यांच्या सरकारी साइट्सच्या लिंका सट्ट्याच्या साइटवर नेत असल्याचं उघड झालं होतं. सरकारी पाटीवर गुगलचा विश्वास जास्त, म्हणून चोरांचा डोळाही तिच्यावर जास्त.

गुगल नेमकं करतं काय?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. "गुगलने काढून टाकलं" असं आपण म्हणतो, पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, शोधल्यावर तुमच्या नावाखाली एक ओळ येते: ही साइट हॅक झालेली असू शकते. दुसरी, चोरांनी घातलेली पानं खाली ढकलली जातात किंवा निकालातून काढली जातात. त्यात तुमची खरी पानंही भरडली जाऊ शकतात. तिसरी आणि सगळ्यात जड म्हणजे लाल पान. हे गुगलच्या 'सेफ ब्राउझिंग' यादीवरून येतं. ही यादी क्रोमपुरती नाही, फायरफॉक्स आणि सफारीसुद्धा ती वापरतात. म्हणजे एकदा यादीत नाव गेलं की गिऱ्हाईक कुठल्याही दारातून आलं तरी त्याला लाल पान दिसू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरची अशीच वेगळी यादी आहे.

मला आधी रागच आला होता. चोरी माझ्याकडे झाली आणि शिक्षाही मलाच? पण शांतपणे विचार केला तर त्या काकू माझ्या नावावर विश्वास ठेवून आल्या होत्या. लाल पान नसतं आणि त्या तिथे पैसे भरून बसल्या असत्या तर? ते पान माझ्या गिऱ्हाइकासाठी होतं.

यादी चुकत नाही असंही नाही. ३१ जानेवारी २००९, शनिवार. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असतील. गुगलच्या माणसाकडून त्या यादीत चुकून नुसती एक तिरकी रेघ पडली. ती रेघ प्रत्येक पत्त्यात असते, त्यामुळे जवळजवळ तासभर जगातली प्रत्येक साइट, गुगलची स्वतःचीसुद्धा, धोकादायक म्हणून दाखवली गेली. म्हणूनच दाद मागायचा रस्ता माहिती असायला हवा.

मी काय केलं, क्रमाने

१. खात्री. मोबाइलमध्ये क्रोमची गुप्त खिडकी उघडून, गुगलवर शोधून, तिथून साइट उघडली. काकूंचं खरं निघालं. त्यांना फोन करून माफी मागितली.

२. चावी कुणाकडे? गुगलचं 'सर्च कन्सोल' फुकट आहे. साइटमध्ये काय बिघाड सापडला ते तिथे 'सिक्युरिटी इश्यूज' या भागात दिसतं. पण माझं खातंच नव्हतं. साइट बनवणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या ईमेलवर काढलेलं आणि तो आता बंगळूरला नोकरीला. नशिबाने डोमेन माझ्या नावावर होतं, म्हणून डोमेनच्या सेटिंगमध्ये गुगलने दिलेली ओळ टाकून मालकी सिद्ध केली. यात एक दिवस गेला. आत गेल्यावर मालकांची यादीही बघा. चोर कधीकधी स्वतःचं नाव मालक म्हणून घालून ठेवतात.

३. शटर खाली. साइट तात्पुरती बंद ठेवली, 'दुरुस्ती चालू आहे' एवढीच पाटी. गुगल मॅपवरच्या दुकानाच्या प्रोफाइलमधून साइटची लिंक काढली. फोन नंबर तसाच ठेवला, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर घेतल्या.

४. साफसफाई. कारण सापडलं तेव्हा कपाळाला हात लावला. साइटची थीम, म्हणजे तिचा सगळा साज, विकत घ्यायची असते. ती फुकटात, कुलूप तोडलेली कुठूनतरी उतरवलेली होती. "ताई, तुमचे चार-पाच हजार वाचवले," असं तो मुलगा म्हणाला होता आणि मी खूश झाले होते. अशा फुकट थीममध्ये चोरदरवाजा आधीच बसवलेला असू शकतो. आम्ही ती काढली, अनोळखी अॅडमिन उडवला, वर्डप्रेस नव्याने टाकलं, सगळे पासवर्ड बदलले, प्लगिन अपडेट केले. नुसती रमीची पानं पुसून भागत नाही. दरवाजा तसाच राहिला तर चार दिवसांत पुन्हा येरे माझ्या मागल्या.

५. दाद. सगळं झाल्यावरच सर्च कन्सोलमधून 'रिव्ह्यू' मागितला. अर्जात तीनच गोष्टी लिहिल्या: काय झालं होतं, काय केलं, आता काय स्थिती आहे. घाई करू नका. वारंवार साफ होऊन पुन्हा बिघडणाऱ्या साइटला गुगल 'सराईत' ठरवतं आणि मग ३० दिवस अर्जच करता येत नाही. हा नियम २०१६ पासून आहे.

लाल पान तीन दिवसांत गेलं. खोटी पानं निकालातून जायला मात्र दिवाळी उलटली.

सांगायचं की लपवायचं?

खरी परीक्षा इथे होती. घरचे म्हणत होते, "कुणाला कळलंय? गप बस." गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते साइटवर होते. पैसे पेमेंट गेटवेतून जात असल्यामुळे कार्डाचे नंबर माझ्याकडे नव्हतेच, पण हे गिऱ्हाइकाला काय माहीत?

रात्री बसून मेसेज लिहिला. साइट हॅक झाली होती, तुमचं नाव, नंबर, पत्ता बाहेर गेला असू शकतो, माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. सगळ्यांना पाठवला. दोघांनी चांगलंच सुनावलं. बऱ्याच जणांनी "सांगितलंत ते बरं केलंत" असं लिहिलं. काकूंनी त्याच दिवशी दोन किलो चटणी मागवली. पुण्याच्या त्या दुकानदाराची ऑर्डर मात्र गेली ती गेलीच. त्यांनी दिवाळीचा माल दुसरीकडून उचलला आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार-पाच हजार वाचवायला गेले आणि सीझनची सगळ्यात मोठी ऑर्डर घालवून बसले.

नाण्याची दुसरी बाजू

नवा धंदा सुरू करताना आपण गुगलवर एजन्सी, डीलरशिप शोधतो. तिथे वर दिसतंय म्हणजे खरंच, असं समजू नका. अमूलच्या नावाने पार्लर देतो म्हणणाऱ्या खोट्या साइट्स इतक्या झाल्या, की २०२० मध्ये अमूलला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. गुगल खोटी साइट काढतं, पण ती सापडल्यावर. तोपर्यंत कुणाचे तरी डिपॉझिटचे पैसे गेलेले असतात. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरही जाऊ नका. त्याचा अर्थ तेवढाच, की मधल्या वाटेत माहिती कुणी वाचत नाही. पलीकडे साव बसलाय की चोर, ते कुलूप सांगत नाही. कंपनीच्या पाकिटावर छापलेला नंबर लावा, चौकशी करा, मगच पैशाचं बोला. खोटी साइट दिसली तर सेफ ब्राउझिंगच्या फॉर्मवर कळवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आजचा गृहपाठ

दुकान बंद करायच्या आधी एवढं करा. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा. दुसऱ्याच्या असेल तर या आठवड्यात स्वतःच्या नावावर घ्या. साइट बनवणाऱ्याला थीमचं बिल मागा. महिन्यातून एकदा बॅकअप आपल्या पेनड्राइव्हवर ठेवा. आणि दर सोमवारी आपलंच दुकान गिऱ्हाईक होऊन गुगलवर शोधा.

मी आता रोज सकाळी शटर उघडलं की आधी तेच करते. आणि कुणाचा फोन आला, की "तुमच्याच मोबाइलमध्ये काहीतरी असेल" असं म्हणत नाही. "काय दिसतंय, जरा फोटो काढून पाठवा," असं म्हणते.