सुनेच्या ताटातली बोटी

नगरकडच्या आमच्या घरांत गोश्त शिजतं. मग बी-१२ कमी कसं, असं आम्हालाही वाटायचं. पण हंडी आधी पुरुषांपुढे जाते, सुनेला बऱ्याचदा रस्साच उरतो.

पेशी सगळी जनुकं एकाच वेळी चालवत नाही. काहींवर मिथाइलची खूण बसते नि ती गप्प होतात. त्या खुणेसाठी बी-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुलं तपासली. बी-१२ कमी, फोलेट मात्र जास्त, अशा मातांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देताना आढळलं. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते.

फोलेटची गोळी बंद करू नका. बी-१२ तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. आणि बोटी, अंडं, दूध आधी तिला वाढा.