माल्टाचे नकाशे: १५६५ च्या वेढ्याच्या ताज्या बातम्या

सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या ऐन नाक्यावर माल्टा आहे. १५६५ मध्ये ऑटोमन आरमाराने या बेटाला वेढा घातला आणि रोम-व्हेनिसचे छापखाने वेढ्याचे नकाशे छापण्याच्या कामाला लागले. नवी बातमी आली की तांब्याच्या त्याच पत्र्यावर दुरुस्ती कोरायची आणि पुन्हा छापायचं! म्हणून एकाच नकाशाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सापडतात. बारकाईने पाहा: बंदराच्या तोंडाशी सेंट एल्मोचा किल्ला, त्याच्यावर रोखलेल्या तोफा, तंबू, गलबतं. मला तर यांच्यापुढे आजचे नकाशे फिके वाटतात. हा किल्ला २३ जूनला पडला, बेट मात्र टिकलं. पुढच्याच वर्षी तिथे व्हॅलेटा शहराचा पाया घातला गेला. तिथल्या ग्रँड मास्टरच्या (बेटावर तेव्हा राज्य करणाऱ्या नाइट्सच्या प्रमुखाच्या) राजवाड्यात वेढ्याची भित्तिचित्रं आहेत. माल्टाला गेलात तर ती चुकवू नका.