चाकांवरचे घर – लेखांक ५ : उलाळ नको, धुरजडही नको

बैलगाडी भरताना ज्याने पाहिली आहे, त्याला आजचा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे. दोन चाकांच्या गाडीत पोती मागे जास्त पडली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, गळ्याखालचे जोते आवळते आणि बैल अडखळतात. गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतात. तीच पोती पुढे जास्त सरकली की गाडी ‘धुरजड’ होते, सगळा भार मानेवर येतो. मग गाडीवान खाली उतरतो, धुरा हाताने उचलून बघतो, एखादे पोते मागेपुढे करतो आणि पुन्हा उचलून बघतो. किती जड असावा हे त्याच्या तळहाताला कळते.

एसयूव्हीमागे राहण्याचा ट्रेलर जोडायचा तर सस्पेन्शन कसे लावावे, याची सुरुवात त्याच उचललेल्या धुऱ्यापासून करायला हवी. आपल्याकडे ती बहुधा उलट टोकाने होते. ट्रेलर जोडला, गाडीचे मागचे अंग बसले, की मालक तडक गॅरेज गाठतो आणि ‘मागे जाड स्प्रिंग टाका’ म्हणतो. बसलेली गाडी हे दुखण्याचे लक्षण आहे. दुखणे धुऱ्यावर आहे, आणि जाड स्प्रिंग ते नुसते झाकते.

ट्रेलरचा धुरा म्हणजे त्याची पुढची दांडी. ती गाडीच्या हुकावरच्या गोळ्यावर बसते आणि तिथे काही भार खाली टाकते. हा भार किती असावा, याच्या दोन रीती जगात आहेत. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के धरतात, युरोपात साधारण 5 ते 7 टक्के. कारणही उघड आहे. अमेरिकेत ट्रेलर मोठे आणि वेग जास्त, तर जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला एरवी ताशी 80 किलोमीटरचीच मर्यादा आहे. हजार किलोचा ट्रेलर धरला, तर एका रीतीने किमान 100 किलो आणि दुसरीने 50 ते 70. त्याच्या वर हुकाची, गाडीची आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा येते. तिन्हींतली जी सर्वांत कमी, ती पाळायची.

आता समजा, विरार पूर्वेच्या फुलपाड्यातले एक कुटुंब असा हजार किलोचा ट्रेलर घेऊन डहाणूला निघाले आहे. फुलपाड्यातून चंदनसारमार्गे विरार फाटा, तिथून राष्ट्रीय महामार्ग 48 ला लागून खानिवडे, मनोर, मेंढवणची खिंड आणि चारोटी नाक्यावरून डावीकडे. वाटेत वस्तीतले स्पीडब्रेकर आहेत, शेजारून धडधडत जाणारे अवजड ट्रक आहेत आणि खिंडीचा उतार आहे. सस्पेन्शनच्या प्रत्येक अंगाची परीक्षा या एका फेरीत होते.

गाडीचा व्हीलबेस 2.75 मीटर धरू. हुकाचा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे. धुऱ्याचा भार 100 किलो. मागच्या अ‍ॅक्सलवर किती वजन वाढेल? 100 किलो, असे कोणीही सांगेल. वाढते ते 144 किलो. कारण गोळा अ‍ॅक्सलच्या मागे लोंबतो आहे. मागचे अ‍ॅक्सल टेकू बनते, गाडी तरफ बनते आणि पुढची चाके 44 किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर चालते, ब्रेकचे मोठे कामही तीच चाके करतात, आणि नेमका त्यांचाच रस्त्यावरचा दाब उतरतो. गाडी स्वतःच उलाळ झाली.

याच हिशेबात प्रत्येक चाकाजवळच्या स्प्रिंगची ताकद दर मिलिमीटरला 30 न्यूटन धरली, तर मागचे अंग सुमारे 24 मिलिमीटर दबते आणि पुढचे 7 मिलिमीटर उठते. 31 मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही. पण हेडलाइटचा झोत 50 मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त वर जातो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या थेट डोळ्यांत शिरतो. मागे सामान आणि माणसे बसली की हा आकडा आणखी वाढतो. स्प्रिंगला दबायला उरलेली जागा कमी होते आणि चंदनसारच्या पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरला खालून ‘धाड्’ असा आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत बॉटम लागते.

इथे मेकॅनिक जे उपाय सुचवतात, त्यांतला सर्वांत स्वस्त म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर. गाडी उंच होते खरी. पण बफर स्प्रिंगचा एखादा वेढा कामातून बाद करतो आणि त्याच्या वाटचा पीळ उरलेल्या वेढ्यांवर पडतो. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला हा उपाय करू नये, असे स्पष्ट सांगायला हवे. बोलेरोसारख्या पाट्यांच्या गाडीला एक पाटा वाढवतात. सतत माल वाहणाऱ्या पिकअपला ते शोभते, पण वर्षातून चार वेळा ट्रेलर ओढणाऱ्या घरच्या गाडीला नाही. उरलेले तीनशेसाठ दिवस ती रिकामी उड्या मारत राहील.

तिसरा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या आत बसणारे हवेचे फुगे. हे चांगले साधन आहे. ट्रेलर जोडला की हवा भरायची, सोडला की उतरवायची. अशा एका प्रचलित संचात 5 ते 35 पीएसआय एवढाच दाब चालतो, म्हणजे टायर भरायचा साधा पंप पुरतो. मागचे अंग सरळ होते, झोत खाली येतो, बॉटम लागणे थांबते.

पण पुढच्या चाकांवरून गेलेले 44 किलो फुग्यांनी परत येत नाहीत. गोळा अ‍ॅक्सलच्या मागे तितकाच लोंबतो आहे, तरफ तीच आहे. फक्त गाडी आता सरळ दिसते. ट्रेलर ओढणाऱ्यांच्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून होतात. उंची आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेप उंची मोजतो, भार नाही.

तो भार पुढे परत न्यायचा तर दांडीचा जोर लागतो. बांधकामावरची एकचाकी गाडी आठवा. तिची मुठी उचलली की वजन पुढच्या चाकावर जाते. हुकापासून ट्रेलरच्या दांडीपर्यंत दोन्ही बाजूंना पोलादी स्प्रिंग-दांड्या लावून त्या साखळीने ताणल्या, की त्या जणू गाडीच्या मुठी उचलतात. काही भार पुढच्या अ‍ॅक्सलवर जातो आणि काही ट्रेलरच्या चाकांवर. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ही भारवाटणीची जोडणी सर्रास वापरतात, युरोपात क्वचित. काही निर्माते आपल्या गाडीला ती लावू नका असेही सांगतात, म्हणून पुस्तिका वाचल्याशिवाय हात घालू नये. बसवताना पुढच्या चाकाची कमान आधी जितकी उठली असेल, त्यातली निम्मी उंची तरी परत खाली यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. जास्त ताणल्या तर मागची चाके हलकी होतात. तेही वाईटच.

या सगळ्याला महाराष्ट्रात आता निमित्त मिळाले आहे. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घरगाड्यांबरोबर ओढायच्या, घडीच्या आणि तंबूच्या ट्रेलरचाही विचार आहे. गाडीही आपल्याच अंगणातली आहे. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी स्कॉर्पिओ-एन 2023 पासून ऑस्ट्रेलियात ‘स्कॉर्पिओ’ नावाने विकली जाते, आणि तिथे ब्रेक असलेला 2,500 किलोपर्यंतचा आणि ब्रेक नसलेला 750 किलोचा ट्रेलर ओढायला तिला मान्यता आहे. तिच्या मागच्या पंचदुवा सस्पेन्शनमध्ये वॉट्स लिंकेज आहे. चाके वरखाली होताना अ‍ॅक्सल डावीउजवीकडे सरकू नये यासाठी ही रचना असते, आणि मागे ट्रेलर डोलत असताना ही गोष्ट फार मोलाची ठरते.

म्हणून तिथला 2,500 चा आकडा उचलून इथे लावता येईल, असे मात्र नाही. हूक कुठे आणि कशावर बसतो, टायर कोणते, इंजिन थंड ठेवण्याची सोय काय, हे देशागणिक वेगळे असू शकते. इथल्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच खरे, आणि काहीच लिहिले नसेल तर निर्मात्याकडून लेखी उत्तर घ्यावे. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 च्या निकालात हेच ठासून सांगितले. गाडी चार इंच उचलून घेण्याचा मोह होत असेल, तर हे आधी वाचावे.

आता फुलपाड्यात परत येऊ. निघण्याच्या आदल्या दिवशीचे काम साधे आहे, पण सपाट जागा हवी, आणि फुलपाड्याच्या गल्ल्यांत ती शोधण्यातच अर्धा तास जाईल. शिंप्याचा टेप घ्यावा. चाकाच्या मधल्या टोपीपासून सरळ वर, कमानीच्या कडेपर्यंत मोजावे. जमिनीपासून मोजले तर टायरमधली हवा हिशेब बिघडवते. चारही चाकांचे आकडे कागदावर लिहावे: एकदा सामान आणि माणसांसह, एकदा ट्रेलर जोडून, एकदा फुगे किंवा दांड्या लावून. या तीन रकान्यांचा कागद महागड्या सुट्या भागांपेक्षा जास्त सांगतो.

मग धुऱ्याचे वजन. घरातला वजनकाटा एवढा भार पेलेलच असे नाही, म्हणून एक जाड फळी घ्यावी. तिचे एक टोक विटेवर, दुसरे काट्यावर, मधले अंतर 3 फूट. विटेपासून 1 फुटावर धुरा टेकवायचा. काटा जो आकडा दाखवील, त्याची तिप्पट म्हणजे धुऱ्याचा भार. फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करायला विसरू नये. ट्रेलरची चाके ओंडके लावून अडवलेली हवीत, आणि तो जोडल्यावर जसा उभा राहील तसाच सपाट असायला हवा.

आकडा कमी निघाला तर पाण्याच्या टाकीकडे पाहावे. 60 लिटरची टाकी ट्रेलरच्या चाकांच्या दीड मीटर मागे असेल आणि चाकांपासून गोळ्यापर्यंत साडेतीन मीटर अंतर असेल, तर टाकी भरल्यावर धुऱ्याचा भार जवळजवळ 26 किलोंनी उतरतो. फुलपाड्यात टाकी काठोकाठ भरून निघालेला ट्रेलर उलाळीकडे झुकलेला असतो. पाणी शक्यतो मुक्कामाच्या जागी भरावे.

पुढे 14.2 किलोचे सिलिंडर ठेवून मागचे ओझे काट्यावर जुळवता येते, पण तिथे दुसरा घोटाळा होतो. कावड आठवा. दोन्ही टोकांना सारखे वजन असलेली कावड तोललेली असते, पण एकदा ती गरगर फिरू लागली की थांबवताना खांदा पिळवटतो. ट्रेलरचेही तसेच होते. जड वस्तू चाकांच्या जवळ आणि तळाशी ठेवाव्यात. टोकाला गाद्या आणि कपडे. ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून हे दाखवतात. वजन पुढे असताना बोटाने ढकलले तरी ट्रेलर दोन हेलकाव्यांत सरळ होतो. तेच वजन मागे सरकवले की एका टिचकीने डोलणे वाढत जाते आणि शेवटी गाडीलाच फिरवून टाकते. मेंढवणच्या उतारावर शेजारून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याचा झोत ही टिचकी मारतो. डोलणे सुरू झालेच तर अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे, जोरात ब्रेक मारू नये आणि वेग वाढवून ‘ओढून सरळ’ करायला जाऊ नये.

शॉकअपविषयी दोन शब्द. शॉकअप वजन उचलत नाही, वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप फक्त स्प्रिंगचा झोका मारतो. मागचा कोपरा दाबून सोडला की गाडीने एकदा वर येऊन स्थिरावायला हवे. दोनतीनदा झुलली, किंवा नळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर ट्रेलरचा विचार पुढे ढकलून आधी शॉकअप जोडीने बदलावेत. मागच्या टायरमध्ये पूर्ण भाराचा दाब भरावा. तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. मऊ टायर ही सुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि ती आडवी डोलते.

खानिवडे ओलांडल्यावर पहिला मोकळा ढाबा दिसला की तिथे थांबावे. टेप काढून मागच्या दोन कमानी पुन्हा मोजाव्यात. हवा गळत असेल तर एक बाजू खाली आलेली असेल. मग वाकून, आधी हात जवळ नेऊन धग पाहून, चारही शॉकअपच्या नळ्यांना क्षणभर बोट लावावे. खड्ड्यांतून आलेल्या गाडीचे चारही कोमट लागायला हवेत. तिघे गरम आणि एक गार लागला, तर तो काम करत नाही. अशा वेळी मनोरच्या पुढे खिंडीत न शिरता ट्रेलर तिथेच सोडावा आणि गाडी एकटी परत न्यावी.

पुढच्या आठवड्यात : ट्रेलरचे ब्रेक.