वर्गात टॅब, पैसा कुठून?

निधीचे मार्ग

लिंबागणेश हे गाव बीड तालुक्यात येते. अशा गावांतील जिल्हा परिषद शाळांचा कारभार परिषदेच्या शिक्षण विभागाकडे असतो.

• शाळा विकास आराखडा: शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समिती तो तयार करते. सरकारी अनुदानाचा आधार हाच, म्हणून टॅबची मागणी आधी इथे नोंदवलेली बरी.

• समग्र शिक्षा: 2018 पासून. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान व शिक्षक शिक्षण यांचे एकत्रीकरण. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. संगणक कक्ष आणि स्मार्ट वर्ग यातच.

• सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी): कंपनी कायदा, 2013, कलम 135. पात्र कंपन्यांकडून मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के.

• लोकवर्गणी: पालक, माजी विद्यार्थी, ग्रामस्थ.