थंडाव्याचा जमाखर्च

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. ओटा, पलंग, मोरी सगळं गाडीत. आणि बिऱ्हाड म्हटलं की फ्रीज आला, फ्रीज म्हटला की वीज आली. घरी ती भिंतीतून येते, म्हणून आपण तिचा विचार करत नाही. गाडीत करावा लागतो.

आमचा प्रश्न दूध-दह्यापुरता नव्हता. सौ.ला गेली चौदा वर्षं इन्सुलिन चालू आहे. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या. गोठल्या तर बाद, तापल्या तर भरवसा नाही. आणि जून २०२३ मध्ये लेकी-जावयांनी बेत आखला होता अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटाचा! त्यांच्या छोट्या गाडीतला मूळचा फ्रीज कधीच मोडीत निघाला होता, म्हणून विजेचा कूलर घ्यायचं ठरलं. (आपल्याकडे कूलर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा पंखा, तिकडे खाणंपिणं गार ठेवायची पेटी.)

अशा पेट्या मुख्यतः दोन जातींच्या. एक हलकी, स्वस्त, कॉम्प्रेसर नसलेली. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यांतून वीज सोडली की एक सांधा गार होतो आणि दुसरा गरम. पेल्तिए नावाच्या फ्रेंच गृहस्थाला १८३४ मध्ये दिसलेल्या याच करामतीवर ती चालते. खोड एवढीच, की बाहेरच्या हवेपेक्षा ती साधारण वीसेक अंशच खाली उतरते. बाहेर ४० तर आत २०. दुसरी कॉम्प्रेसरची, जड आणि चांगलीच महाग.

बत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस अशा वेळी कागद-पेन्सिल घेतो. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला हात लावायचा नाही, ती मुदत ठेव. बिऱ्हाडाची बॅटरी वेगळी, १२ व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची. त्यांना आपण रुपये म्हणू. लिथियमची बॅटरी असती तर जवळजवळ सगळे काढता आले असते. आमची शिशाची, ती निम्म्याखाली नेली की लवकर म्हातारी होते. म्हणजे हाती पन्नासच. ४८ वॅटची स्वस्त पेटी ताशी चार रुपये खाते, तेही अखंड, कारण उन्हाळ्यात हवी ती थंडी तिला गाठताच येत नाही. साडेबारा तासांत खातं रिकामं! कॉम्प्रेसर चालताना जवळपास तेवढंच खातो, पण आत गार झालं की गप्प बसतो. दिवसाचे आठ तास चालला तर खर्च बत्तीस. शंभर वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात तीसेक जमा करतं. महागडी पेटी घ्यावी, असा शेरा मी मारला. जावईबापूंनी आकडे पुन्हा तपासले, हे मला आवडलं.

कुणीतरी इन्व्हर्टर सुचवला. १२ व्होल्टचे १२० करायचे आणि पेटीनं पुन्हा त्याचे १२ करायचे, म्हणजे रुपयांचे डॉलर करून परत रुपये करणं, दोन्हीकडे कमिशन. सिगारेट लायटरचं सॉकेटही नको. काही गाड्यांत किल्ली काढली की ते मरतं, काहींत जागं राहून इंजिनाची बॅटरी पितं. शेवटी बिऱ्हाडाच्या बॅटरीपासून फ्यूज घालून जाड, आखूड वायर ओढली. बारीक वायरीत व्होल्टेज गळतं, आणि बॅटरी भरलेली असूनही ती संपली असं समजून पेटी बंद पडते.

नॅचरल ब्रिजेसचा तळ अवघ्या तेरा जागांचा, विजेची जोडणी नाही, ब्लँडिंग गाव चाळीस मैलांवर. गंमत म्हणजे १९८० मध्ये याच ठिकाणी १०० किलोवॅटचं, त्या काळी जगातलं सर्वांत मोठं सौर वीजकेंद्र सुरू झालं होतं. आमचं पॅनेल घडीचं, जमिनीवर मांडायचं. गाडी झाडाच्या सावलीत, पॅनेल उन्हात. छपरावर असतं तर पेटीचं सुख बघावं की पॅनेलचं, असा पेच पडला असता.

सौ.चा मात्र यंत्रावर पुरता विश्वास नव्हता. "अहो, सगळ्या कुप्या एकाच खात्यात नकोत," म्हणाली. उघडलेली कुपी गारव्यात चारेक आठवडे फ्रीजबाहेर चालते. ती तिनं डबीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सावलीत ठेवली. त्या कोरड्या हवेत फडकं तासाभरात वाळे. ती पुन्हा भिजवी. बाकीच्या टॉवेलात गुंडाळून पेटीत वरच्या बाजूला, कारण तळाशी बर्फ धरायची भीती.

साडेसहा हजार फुटांवरची रात्र गार. कॉम्प्रेसर क्वचितच घुरघुरला. प्रत्येक वेळी मी उठून थर्मामीटर पाहिला : ४, ५, पुन्हा ४. सकाळी शिल्लक ८४. मी चहाचं विचारलं, तर सौ. बाहेरून म्हणाली, "आधी हे पूर्वेकडे वळवायला या."