नागीण आत वळते तेव्हा

नागिणीचं तोंड अन् शेपटी भिडली की माणूस वाचत नाही, असं तुमची पणजी छातीठोकपणे सांगायची. बाळांनो, ती सहसा भिडतच नाहीत. का, ते ऐका.

कांजिण्या येऊन गेल्या, खपल्या पडल्या, कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली. घरच्यांना वाटतं, सुटलो. सुटतोय कसले! कांजिण्यांचा विषाणू फोडांजवळच्या मज्जातंतूंच्या टोकांतून आत सरकतो आणि पाठीच्या कण्यालगत, तंतूंच्या मुळाशी ज्या पेशींच्या गाठी असतात, तिथे वारुळातल्या सापासारखा दडून बसतो. दहा वर्षं, साठ वर्षंसुद्धा. पुन्हा जागा झाला की आल्या वाटेनंच कातडीकडे निघतो. एका गाठीचा तंतू अंगाच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो, मध्यरेषेशी त्याची हद्द संपते. म्हणून नागीण अर्ध्यावर थांबते.

हे शोधलं कुणी? इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावचे होप-सिम्पसन, साधे फॅमिली डॉक्टर. आपल्या दवाखान्यातल्या नागिणीच्या रुग्णांची 16 वर्षांची नोंद घेऊन त्यांनी 1965 साली सांगितलं, की ही बाहेरून येत नाही, लहानपणीच्या कांजिण्याच पुन्हा डोकं वर काढतात. मला तर अशी वही ठेवणाऱ्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

‘पण आजोबा, नागीण म्हाताऱ्यांना होते ना?’ बहुतेकदा हो. पण धट्ट्याकट्ट्या पोरांनाही होते, विशेषतः ज्यांना वर्षाच्या आत, किंवा आईच्या पोटात असतानाच कांजिण्यांची लागण झाली त्यांना. तेव्हा प्रतिकारशक्ती कच्ची असते. मुलांची नागीण तशी गरीब. थोडी खाज, थोडी आग, दोन-तीन आठवड्यांत साफ.

क्वचित मात्र विषाणू बाहेर येण्याऐवजी आत, मेंदूच्या आवरणाकडे वळतो. हनुवटी छातीला टेकवा बघू. टेकली? अशा मुलाची टेकत नाही. मान ताठ, डोकं ठणकतंय, उलट्या, उजेड नकोसा. गंमत म्हणजे कधी फोड चार दिवसांनी उठतात, कधी उठतच नाहीत. मग पाठीतलं पाणी काढून त्यात विषाणू शोधावा लागतो. कानाजवळच्या गाठीत तो जागा झाला तर कानात फोड येतात, हसताना तोंड एकीकडे ओढलं जातं, डोळा मिटत नाही. रॅम्से हंट या अमेरिकी डॉक्टरांनी 1907 साली हे लिहून ठेवलं. फारच क्वचित मेंदूच्या धमन्या सुजतात आणि नागीण बरी झाल्यावर काही आठवड्यांनी लहान मुलाला चक्क पक्षाघाताचा झटका येतो. मेंदूपर्यंत गोष्ट गेली, की असायक्लोव्हिर हे औषध शिरेतून देतात. वेळेत दिलं तर बहुतेक मुलं पुन्हा धावू लागतात.

कांजिण्यांची लस घेतली म्हणजे नागीण नाहीच? तसंही नाही. जपानच्या ताकाहाशींनी 1974 मध्ये आणलेल्या लशीतला दुबळा विषाणूही गाठीत दडू शकतो, एखाद्या निरोगी मुलात जागाही होतो. पण कांजिण्या झालेल्या मुलांपेक्षा लस घेतलेल्यांत नागीण बरीच कमी दिसते. आणि जागा झालेला विषाणू लशीतला की मूळचा, हे जनुकं तपासून प्रयोगशाळेत ओळखता येतं.