बोरिवलीच्या जंगलातली देवाणघेवाण

जागा : संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौ. किमी. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड. तुळशी आणि विहार तलाव याच हद्दीत.

कारवी : आठ वर्षांतून एकदा, सगळी मिळून फुलते. इथले अलीकडचे बहर २००८, २०१६ आणि २०२४चे. बी धरलं की झुडूप मरतं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाची ओल लागताच तडकतात. एकदम इतकं बी पडतं की खाणाऱ्यांना संपत नाही, उरलेलं रुजतं. एकगठ्ठा फुलण्याचं हे एक प्रचलित स्पष्टीकरण. सह्याद्रीत इतरत्र बहराचं वर्ष वेगळंही असतं.

उंबर : ‘उंबराचं फूल’ दुर्मीळ नाही, नुसतं लपलेलं आहे. फळ म्हणून आपण जे फोडतो, त्याच्या आतच शेकडो बारीक फुलं. परागीभवन करते गांधीलमाशीच्या गणातली इवलीशी माशी. टोकाच्या छिद्रातून शिरताना मादीचे पंख बहुधा तुटतात. ती आतच अंडी घालते, आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. ते बाहेरची वाट पोखरतात, माद्या पराग घेऊन उडतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. दोन जातींनी, जसं झाड आणि त्याच्या माशीनं, एकमेकींमुळे बदलत जाणं म्हणजे सहउत्क्रांती.

सवय आणि अनुकूलन यांत गल्लत नको : इथला बिबट्या वस्तीच्या कडेला भटकी कुत्री मारतो, ही सवय. ती एका आयुष्यात लागते. अंधारात पाहू शकणारे त्याचे डोळे हे अनुकूलन. ते घडायला असंख्य पिढ्या लागल्या.